सव्वाचार गुंठ्यांचं जगज्जेतेपद

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना शेवटच्या डावात आला तेव्हा गुणफलकावर भारत ७३, नेपाळ २४ असे आकडे होते. हातात सात मिनिटं आणि पाठलाग नेपाळचा. एवढ्या आघाडीनंतर भारताच्या मुली सैलावल्या असत्या तरी कुणी बोललं नसतं. पण चैत्रा बी. आणि तिच्या तुकडीतल्या मुली मैदानात उतरल्या आणि हाती लागेचनात. तीन मिनिटं झाली, चार झाली, पाच झाली. नेपाळच्या मुली खो देत होत्या, सूर मारत होत्या, आणि प्रत्येक वेळी बोटांच्या टोकापासून वीतभर अंतरावरून भारताची मुलगी वळून निघून जात होती. ती तुकडी संपली तेव्हा घड्याळात पाच मिनिटं चौदा सेकंद झाली होती. नव्या नियमांत तीन मिनिटं टिकलं की एक गुण, आणि पुढच्या दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. त्यामुळे संरक्षण करता करताच भारताच्या खात्यात पाच गुण आले. अंतिम आकडे ७८-४०. त्याच संध्याकाळी पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. एका दिवसात, एका मैदानावर, दोन विश्वचषक.

महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोघंही पुण्यात घडलेले, महाराष्ट्राचे. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात या खेळाचे नियम कागदावर आले, त्याच शहरातल्या दोन खेळाडूंनी जगातले पहिले दोन चषक उचलले, ही गोष्ट मराठी माणसानं अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही असं मला वाटतं. म्हणूनच या हंगामाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, आणि ते अंबडमध्ये राहून लिहायचं आहे. नाशिकच्या या औद्योगिक वसाहतीत खो-खो खेळणारी पोरं आहेत, त्यांना बघायला थांबणारी माणसं आहेत. मैदान मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललंय.

आधी खेळाबद्दल. शाळेत आपण सगळेच खो-खो खेळलो, त्यामुळे तो आपल्याला येतो अशी आपली समजूत असते. मोठ्या पातळीवरचा सामना जवळून पाहिला की ती समजूत गळून पडते. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणाऱ्याला सगळं मैदान मोकळं, हवा तिकडे वळायला मुभा. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणजे ज्याला पकडायचंय त्याचेच हातपाय नियमांनी बांधलेले. त्याला सोडवणारी एकच गोष्ट: बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप आणि तोंडानं खो. थाप आणि शब्द एका क्षणी यायला हवेत, बसलेल्यानं तोवर जागा सोडायची नाही. घाई झाली की नियमभंग.

या बंधनांतूनच खेळाचं सगळं डोकं उभं राहतं. चांगला आक्रमक स्वतः क्वचितच गडी बाद करतो. तो गड्याला अशा ठिकाणी ढकलतो की पुढचा उठणारा त्याला बाद करेल. चांगला संरक्षक वेगानं पळत नाही, तो मोजून पळतो. एकाआड एक बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाणारी सिंगल चेन, दोन-दोन जणांना वळसा घालणारी डबल चेन, एका बाजूला फिरत राहणारी रिंग, हे सगळं पळता पळता मनात बदलावं लागतं. खांबाजवळ गडी सापडला की आक्रमक एका हातानं खांब धरून अंग झोकून देतो. पोल डाइव्ह म्हणतात तो हाच. तो नीट बसला तर पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. चुकला तर खांदा जातो. जगात पाठलागाचे खेळ पुष्कळ असतील, पण पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ जणांना खाली बसवून ठेवणारा आणि त्या बसण्यालाच डावपेच बनवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या समितीनं ते पहिल्यांदा बांधले. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यानं स्वतःची नियमावली काढली. तोवर हा गल्लीबोळांतला, आळीआळीचा खेळ होता. जिमखान्यांनी त्याला माप, वेळ आणि पंच दिले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, महिलांची पहिली स्पर्धा आपल्या कोल्हापुरात. मधल्या एका वर्षाच्या अंतराकडे जरूर लक्ष द्या. ज्या काळात मुलींनी मैदानात उतरणं हीच घराघरांत वादाची बाब होती, त्या काळात या खेळानं मुलींना राष्ट्रीय अजिंक्यपद दिलं. साडीचा काच्या मारून, नंतर सलवारीत, मग शॉर्ट्समध्ये मुली खेळत आल्या. आज दिल्लीत मुलींचा सामना मुलांच्या सामन्याइतकाच गाजतो, त्यामागे ही सहा दशकं आहेत.

आपल्यासारखीच गोष्ट दूर आयर्लंडमध्ये घडली आहे, आणि तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांचा देशी खेळ हर्लिंग. टोकाला चपट्या असलेल्या लाकडी काठीनं लहानसा चेंडू हवेतल्या हवेत मारायचा, आणि तोही अशा वेगानं की नवख्याला चेंडू दिसतच नाही. १८८४ साली टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मायकल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली, आणि खेळाला नियम व संघटना मिळाली. पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना १८८८च्या एप्रिलमध्ये झाला आणि टिपररीनं तो जिंकला. आजही हर्लिंगपटूंना खेळण्याचा पगार मिळत नाही. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी गवंडी. माणूस आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो, निवड झाली तर आपल्या परगण्याकडून. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांवर माणसं बसतात. आयर्लंड प्रजासत्ताकाची एकूण लोकसंख्या आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा काय सांगतो ते कळतं.

योगायोग असा की खो-खोचा ऐतिहासिक हंगाम आणि हर्लिंगचा एक अविस्मरणीय हंगाम एकाच वर्षी आले. २० जुलै २०२५ रोजी क्रोक पार्कवर मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होतं. उत्तरार्धात टिपररीनं त्यांना अवघे दोन गुण करू दिले आणि सामना पंधरा गुणांनी जिंकला. टिपररीच्या डॅरा मॅकार्थीनं एक गोल आणि तेरा गुण केले. वय वर्षं एकोणीस. गावोगावच्या मैदानांवर सहा-सात वर्षांची पोरं संध्याकाळी काठी घेऊन उतरतात, त्यांच्यातूनच असा एकोणीस वर्षांचा पोरगा पुढे येतो. आयरिश माणसानं आपल्या खेळाला आधी मैदान दिलं आणि मग स्टेडियम बांधलं. आपला क्रम उलटा होऊ नये, एवढंच मला या तुलनेतून म्हणायचं आहे.

दिल्लीच्या विश्वचषकाकडे परत येतो. २३ देशांतून पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. १३ जानेवारीला पहिलाच सामना भारत-नेपाळ पुरुषांचा, आणि तो भारतानं ४२-३७ असा जेमतेम काढला. त्या रात्री हा विश्वचषक आपण सहज जिंकू असं म्हणायची सोय राहिली नव्हती. पुढे ब्राझील ६४-३४, पेरू ७०-३८, भूतान ७१-३४, उपांत्यपूर्व फेरीत श्रीलंका १००-४०, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६२-४२. आणि अंतिम सामन्यात पुन्हा तेच नेपाळ. या वेळी पहिल्याच आक्रमणात भारताचे २६ गुण, तिसऱ्या डावाअखेर ५४-१८. सहा दिवसांत पाच गुणांचा फरक अठरा गुणांचा झाला. मुख्य प्रशिक्षक अश्वनी कुमार शर्मा आणि त्यांच्या मुलांनी त्या पहिल्या सामन्यातून काय घेतलं, ते या एका आकड्यात दिसतं.

महिलांचा प्रवास एकतर्फी झाला. दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८, इराण १००-१६, मलेशिया १००-२०, बांगलादेश १०९-१६, दक्षिण आफ्रिका ६६-१६. सुमित भाटियांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या या संघाचं कौतुक करताना मला हेही स्पष्ट लिहायला हवं की १७५-१८ हा निकाल खेळाच्या तब्येतीसाठी चांगला नाही. कोरियाच्या मुलींनी हा खेळ नुकताच हातात घेतलाय, आपण तो आजीपासून खेळतोय. विश्वचषकाला खरी किंमत येईल ती अशा सामन्यांत तीस-चाळीस गुणांचा फरक राहू लागेल तेव्हा. नेपाळनं ते अंतर कापत आणलंय. अंतिम फेरीचे उत्कृष्ट संरक्षक म्हणून दोन्ही गटांत नेपाळच्याच खेळाडूंचा गौरव झाला, ही बाब आपल्या प्रशिक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावी.

भारताच्या दोन्ही संघांतली मराठी नावं वाचताना महाराष्ट्राचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. पुण्याचे प्रतीक वाईकर, सुयश गरगटे, आदित्य गणपुले. मुंबईचा अनिकेत पोटे. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप. बदलापूरची रेश्मा राठोड. धाराशिवची अश्विनी शिंदे. सुयश गरगटे अंतिम सामन्याचा उत्कृष्ट आक्रमक ठरला.

धाराशिव या नावापाशी जरा थांबतो, कारण या खेळातली सगळ्यात मोठी शिकवण तिथे आहे. दुष्काळ आणि स्थलांतर यांसाठीच बातम्यांत येणारा हा जिल्हा गेली कित्येक वर्षं खो-खोच्या मुली घडवतो आहे. तिथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतानं २०१६च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. सुमारे दोन दशकांच्या खंडानंतर तो खो-खोच्या वाट्याला आला होता. घरची परिस्थिती बेताची; आई शिवणकाम करून हातभार लावायची. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली ती घडली. धाराशिवात काय होतं? एक मैदान होतं, रोज त्यावर उभा राहणारा एक प्रशिक्षक होता, आणि मुलगी संध्याकाळी उशिरा घरी आली तर गावात कुजबुज होणार नाही एवढा विश्वास त्या माणसानं कमावलेला होता. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे खेळाडू तयार झाले.

आमचा नाशिक जिल्हाही यात मागे नाही. सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यातल्या आदिवासी मुलींनी खेलो इंडिया स्पर्धेत महाराष्ट्राकडून खो-खो खेळून सुवर्णपदकं आणली आहेत. याच जिल्ह्यानं सावरपाड्याची धावपटू कविता राऊत दिली, तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ दिला. डोंगरातल्या पोरीच्या पायांत जन्मतः जे बळ असतं, त्याला खो-खोसारखा दुसरा खेळ नाही; महागडं साहित्य लागत नाही आणि एकटीनं शहरात येऊन राहावंही लागत नाही, कारण सबंध संघच गावात तयार होऊ शकतो.

आणि अंबड? अंबड गाव होतं, शेती होती. एमआयडीसी आली, शेजारी सिडकोच्या योजना उभ्या राहिल्या आणि बघता बघता जमीन कारखान्यांच्या पत्र्याखाली गेली. कामासाठी माणसं आली ती धुळे-जळगावहून, बीड-धाराशिवहून, कोकणातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारहून. एक्सलो पॉइंट, गरवारे पॉइंट, दत्तनगर, चुंचाळे, पाथर्डी फाटा या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ शिफ्ट सुटण्याच्या वेळी रस्त्यावर जी गर्दी असते, तिच्यात सगळा महाराष्ट्र असतो. यातले कितीतरी जण शाळेत असताना तालुका-जिल्हा पातळीवर खो-खो किंवा कबड्डी खेळलेले आहेत. जेवणाच्या सुटीत विषय निघाला की ते आपापल्या शाळेचं, आपल्या सरांचं नाव सांगतात. अंगात खेळ असलेली ही माणसं. लेथवर, प्रेसवर, असेंब्ली लाइनवर आठ तास उभं राहून घरी जाताना मोकळ्या भूखंडावर पोरांचा डाव दिसला की त्यांचे पाय थबकतात. मीही त्यांच्यातलाच एक, थांबून बघणारा.

इथल्या पोरांना सराव का जमत नाही, याची कारणं आईबापांशी बोललं की सहज कळतात. ती क्रीडाधोरणाच्या कागदांत नसतात. पहिलं कारण अंधार. शाळा सुटते पाच-साडेपाचला. हिवाळ्यात तासाभरात काळोख होतो आणि मैदानावर दिवा नसतो. दुसरं, शिफ्ट. बाप सेकंड शिफ्टला असेल तर मुलीला सरावाहून आणायला घरात माणूस नसतो, आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवरून बारा-तेरा वर्षांच्या पोरीला एकटीनं ये म्हणायची कुणाची छाती होत नाही. तिसरं कारण जमिनीचं. मोकळी जागा म्हणून नकाशात दाखवलेल्या तुकड्यावर बांधकामाचा राडारोडा पडतो, मग गाड्या लागतात, मग तिथे मंडप उभा राहतो. खो-खोला खडा चालत नाही. सूर मारायचा असतो, गुडघा जमिनीला लागणार असतो.

त्यात आता मॅटची भर पडली आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर अनवाणी शिकलेल्या पोराला मॅटवर बूट घालून उतरलं की पहिले काही सामने पायच सापडत नाही. वळणाचा अंदाज बदलतो, सूर मारल्यावर घसरण्याचं अंतर बदलतं. मॅट महाग असते, शाळेला परवडत नाही. माझं मत असं की प्रत्येक शाळेत मॅट हवी असा हट्ट धरू नये. पाया मातीवरच पक्का होतो. पण शहराच्या प्रत्येक विभागात एक मॅट असावी आणि आसपासच्या शाळांना आळीपाळीनं ती मिळावी, एवढी व्यवस्था महापालिकेच्या आवाक्याबाहेरची नाही.

पैशाचा विषय टाळता येणार नाही. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारनं आपल्या विजेत्या खेळाडूंसाठी प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि वर्ग एकच्या नोकरीची घोषणा केली. कर्नाटकानं त्यांच्या दोन खेळाडूंना, गौतम आणि अंतिम सामन्यात पाच मिनिटं नेपाळला दमवणाऱ्या त्याच चैत्राला, पाच-पाच लाख देऊ केले. दोघांनीही महाराष्ट्राचं उदाहरण देऊन ते नाकारले. देशी खेळाच्या बाबतीत आपलं राज्य दुसऱ्यांसाठी मोजपट्टी ठरलं याचा मला अभिमान आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीला क्रीडागुण, या गोष्टींनी गरीब घरातल्या पोरांना मैदानावर टिकवून धरलं आहे. गुण मिळतील का, नोकरी लागेल का, असं विचारणाऱ्या बापाला कुणी हिणवू नये. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यानं तेच विचारायचं असतं.

२०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाज संघाला अंतिम सामन्यात ४६-४५ असं एका गुणानं हरवलं, आणि घराघरांतल्या टीव्हीवर खो-खो रंगीत दिव्यांखाली दिसला. कुठल्याही दिशेनं पळायची मुभा असलेला वझीर आला, डावाची मिनिटं कमी झाली. जुन्या मंडळींपैकी काहींना हे रुचलं नाही. मला रुचलं. नऊ मिनिटांच्या जुन्या डावातली शांत चिवट झुंज मलाही प्रिय आहे, पण खेळाडूला मानधन देणारा आणि परदेशी माणसाला पाच मिनिटांत समजणारा खेळ हवा असेल तर हा बदल स्वीकारावा लागेल. ओडिशानं तर राज्याची ताकद लावून संघ बांधला. विश्वविजेत्या महिला संघात त्यांच्या मुली आहेत. दिल्लीनंतर लगेच, उत्तराखंडच्या ३८व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महाराष्ट्रानं पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णपदकं जिंकली हे खरं. पण ही मक्तेदारी कायमची राहील असं कुणी समजू नये. आपल्या वरचढपणाची मुळं शाळांच्या मैदानांत आहेत, आणि ती मैदानंच आक्रसत आहेत.

म्हणून शेवटी हिशेब मांडतो. २७ गुणिले १६ म्हणजे ४३२ चौरस मीटर. आपल्या भाषेत सव्वाचार गुंठे. चारही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळी जागा धरली तरी साडेपाच गुंठ्यांच्या आसपास काम भागतं. क्रिकेटच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात ते मावतं. अंबडमधल्या मध्यम कारखान्याच्या आवारातही मावेल. दोन लाकडी खांब, चाळलेली माती, चुना, चार दिवे आणि रोज संध्याकाळी येणारा एक प्रशिक्षक, एवढाच खर्च. वसाहतीतल्या उद्योगांकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो. त्यातून वर्षाला एक मैदान उभं राहिलं तर पाच वर्षांत या पट्ट्यात पाच मैदानं होतील.

अंबड-सिडकोतल्या रहिवासी संघटनांना, मुख्याध्यापकांना आणि उद्योजकांना माझी विनंती आहे: या दिवाळीच्या सुटीत आपापल्या भागातल्या मोकळ्या जागेचा नकाशा काढा, टेप घेऊन जा, साडेपाच गुंठे मोजा आणि ते क्रीडांगण म्हणून राखण्यासाठी विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. शाळा उघडायच्या आत तिथे दोन खांब रोवता येतात.